धाक की गंमत? प्लास्टिक कचऱ्यावर केनियातले दोन मार्ग

२८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्या बंद. दंड ४० लाख शिलिंगपर्यंत, तुरुंगवास ४ वर्षांपर्यंत. धाकाने दुकानांतल्या पिशव्या झपाट्याने हटल्या. पण धाक कायद्यात नाव असलेल्या वस्तूपुरताच. किनाऱ्यावर वाहून आलेल्या तुटक्या चपलांना दंड कोण करणार?

तिथे ‘फ्लिपफ्लॉपी’ ही टाकाऊ प्लास्टिकची होडी कामाला आली. केनियातल्या लामू बेटावरच्या कारागिरांनी सुमारे १० टन टाकाऊ प्लास्टिक वितळवून होडीचा कणा, फासळ्या, फळ्या घडवल्या. प्लास्टिक असूनही सुतारकाम नेहमीसारखंच: तासा, कोरा, जोडा. वरून सुमारे ३०,००० चपलांच्या रंगीत तुकड्यांचं आवरण. २०१९ मध्ये ही ९ मीटरची होडी शिडावर ५०० किलोमीटर दूर झांझिबारला पोचली.

चपलांची होडी बघून हसू येतं, आणि ‘हा कचरा नव्हे, माल आहे’ हे भाषणाविना पटतं. लोकमत वळवायला आम्ही हाच मार्ग निवडू. फसतो तो एकाच जागी: लोक फोटो काढून घरी जातात. म्हणून गंमतीशेजारी लगेच करता येईल असं एकच काम ठेवावं, तुटकी चप्पल टाकायचं पोतं किंवा सह्यांचा कागद. चार कामं सांगितली की एकही होत नाही. पिशव्यांना मात्र कायदाच हवा.