मासा गेल्यावर काय करावं: पर्याय आणि त्यांची तुलना

टाकीतला मासा गेला की एकदम चार प्रश्न समोर येतात. त्याच्या शरीराचं काय करायचं, मुलांना काय सांगायचं, नवा मासा कधी आणायचा, आणि तो गेला कशामुळे. बहुतेक घरांत पहिल्या तिन्हींवरच बोलणं होतं आणि चौथा मागे पडतो. मला हा क्रम उलटा हवा असं ठामपणे वाटतं. गेलेल्या माशाला आता कशाचीच घाई नाही. उरलेले मासे मात्र त्याच पाण्यात श्वास घेताहेत, आणि त्यांच्यासाठी काही तासही महत्त्वाचे ठरू शकतात. म्हणून खालचे पर्याय तोलताना शक्य तिथे पहिला विचार उरलेल्यांचा केला आहे.

त्याआधी मासा खरंच मेला आहे ना, हे पाहा. क्लाऊन लोच नावाचा मासा तळाशी आडवा पडून निवांत झोपतो. बेटा (फायटर) मासासुद्धा पानावर किंवा हीटरच्या आडोशाला कलंडून बराच वेळ निपचित राहतो. कल्ल्यांवरच्या झाकणाकडे मिनिटभर टक लावून पाहा. अगदी बारीक का होईना, उघडझाप दिसली तर मासा जिवंत आहे. जाळीच्या स्पर्शालाही प्रतिसाद नाही, कल्ले स्तब्ध आहेत आणि डोळ्यावर धुरकट पडदा आला आहे, तर त्याला लगेच बाहेर काढा. कोमट पाण्यात शरीर भराभर कुजतं, अमोनिया सुटतो आणि बाकीचे मासे त्याला टोचायला लागतात.

आधी पाणी बदलायचं की आधी तपासायचं?

घाबरलेला माणूस बादली उचलतो. ते चूक नाही, पण पाणी बदललं की पुरावा गेला. पाणी तपासत बसलं तर उरलेले मासे विषात राहतात. यावर साधा मार्ग आहे: स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी भरून बाजूला ठेवा, मग पाणी बदला आणि बाटलीतल्या पाण्याची तपासणी त्यानंतर लगेच करा. अमोनिया, जिवाणू त्यापासून बनवतात ते नायट्राइट आणि नायट्रेट, आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप), हे चार आकडे हवेत. पहिले दोन शून्य असायला हवेत. तसे नसतील तर निम्मं उत्तर मिळालंच.

अमोनियाचा आकडा एकटा वाचून चालत नाही. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दहापट. म्हणून महिनोन्‌महिने न बदललेल्या, पीएच खाली गेलेल्या टाकीत एकदम निम्मं ताजं पाणी ओतणं धोक्याचं ठरतं. पीएच उसळतो आणि आतापर्यंत निरुपद्रवी असलेला अमोनिया काही मिनिटांत जीवघेणा होतो. अशा टाकीत थोडं थोडं पाणी दोन-तीन दिवसांत बदला. नियमित देखभाल असलेल्या टाकीत मात्र चौथा हिस्सा ते निम्मं पाणी एका वेळी बदलायला हरकत नाही. दोन्हीकडे नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं हवं आणि त्यातलं क्लोरीन काढलेलं हवं. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते नुसतं उघडं ठेवून उडत नाही, त्यासाठी डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन काढणारं द्रावण, लागतोच.

पाणी, आजार की वय?

इथे मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं, कारण पुढचे सगळे निर्णय या उत्तरावर अवलंबून आहेत.

एका रात्रीत तीन-चार मासे गेले, वेगवेगळ्या जातींचे गेले, उरलेले पृष्ठभागाशी तोंड काढून हवा घेताहेत, तर संशय पाण्यावर घ्या. फिल्टर बंद पडला होता का, नळाचं पाणी थेट ओतलं का, खोलीत कीटकनाशक फवारलं का, हीटर अडकून पाणी तापलं का, हे एकेक करून आठवा. टाकी नवी असेल तर कारण बहुधा ठरलेलंच असतं. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासे स्वतःच्याच विष्ठेच्या विषात पोहत असतात. नायट्राइटने गेलेल्या माशाचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच गेलेली असते.

आजाराची चाल वेगळी असते. एक आज, दुसरा चार दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आधी काहीतरी दिसलेलं असतं: मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, चिकटलेले पर, खडीवर अंग घासणं, फुगलेलं पोट आणि उभे राहिलेले खवले. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावर असताना औषधाला दाद देत नाही. तो पाण्यात मोकळा सुटतो तेव्हाच मरतो. त्यामुळे ठिपके गेले म्हणून औषध मध्येच सोडलं, तर पुढची फळी पुन्हा चढते.

आणि कधीकधी मासा फक्त म्हातारा झालेला असतो. बेटा साधारण दोन ते पाच वर्षं जगतो, गप्पी दोन-तीन. गोल्डफिशला मात्र दहा-पंधरा वर्षंही सहज मिळू शकतात. गिनीज बुकात नोंद असलेला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला आणि १९९९ साली गेला. तेव्हा दोन वर्षांचा गोल्डफिश गेल्यावर ‘वय झालं असेल’ म्हणून विषय मिटवू नका. चार वर्षांचा बेटा गेला असेल आणि पाण्याचे आकडे ठीक असतील, तर स्वतःला दोषही देऊ नका.

कारण सापडत नसेल आणि मासे जात राहिले असतील, तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. मृत मासा दाखवायचा असेल तर तो पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये थंड ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत फारसं काही हाती लागत नाही. काही तासांतच न्या. त्याहून उपयोगी म्हणजे आजारी पण जिवंत असलेला मासा आणि टाकीतल्या पाण्याचा नमुना.

मासा अजून जिवंत आहे, पण वाचेल असं दिसत नाही

अनेकांना सगळ्यांत जड जाणारा निर्णय हाच. पर्याय तीन: औषधोपचार, शांतपणे जाऊ देणं, किंवा आपणच वेदना संपवणं.

मासा अजून खात असेल, आपणहून तोल सांभाळत असेल, तर उपचाराला संधी द्या, तोही वेगळ्या टाकीत. औषधं फिल्टरमधल्या जिवाणूंना मारू शकतात आणि निरोगी माशांना विनाकारण त्रास होतो. वेगळी टाकी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. साधा प्लॅस्टिकचा टब, हीटर आणि एअरपंपवर चालणारा स्पंज फिल्टर एवढ्यावर भागतं. खाणं थांबलं आहे पण मासा शांत आहे, त्याला कुणी टोचत नाही, तर अंधार करून त्याला जाऊ देणंही योग्य आहे. मात्र खवले उभे राहून अनेक दिवस झाले, मासा उलटा तरंगतोय, श्वासासाठी धडपडतोय, तर ‘निसर्गाला ठरवू दे’ म्हणणं मला पटत नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांत इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू असल्याचं दाखवून दिलं. माशाला काही कळत नाही, या समजाला त्यानंतर फारसा आधार उरत नाही.

वेदना संपवण्याच्या पद्धतींत फरक मोठा आहे. घरी करता येण्यासारखी आणि माशाला कमीत कमी त्रास देणारी पद्धत म्हणजे लवंग तेल. ते पाण्यात आपोआप मिसळत नाही. झाकणाच्या छोट्या बाटलीत कोमट पाणी घ्या, त्यात तेल घाला आणि पाणी दुधाळ होईपर्यंत जोरात हलवा. माशाला टाकीच्याच पाण्यात, वेगळ्या भांड्यात ठेवा. आधी दुधाळ मिश्रण अगदी थोडं घाला आणि मासा कलंडून गुंगीत जाईपर्यंत थांबा. मग उरलेलं घाला, एकूण प्रमाण लिटरमागे सुमारे ०.४ मिलिलिटर तेल. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास मासा त्याच पाण्यात राहू द्या, कारण गाढ गुंगी आणि मृत्यू बाहेरून सारखेच दिसतात. पशुवैद्याकडे यासाठी वेगळी औषधं असतात. मोठा मासा असेल किंवा हात धजावत नसेल, तर त्यांच्याकडेच सोपवा.

फ्रीझरमध्ये ठेवणं, पाण्याबाहेर तडफडू देणं, जिवंत मासा फ्लश करणं: हे तिन्ही सोपे वाटतात ते फक्त आपल्याला, कारण उरलेलं आपल्याला बघावं लागत नाही. मासा मात्र त्यात हळूहळू मरतो.

पुरणं, कचऱ्यात देणं, फ्लश करणं

फ्लशला माझा मेलेल्या माशाच्या बाबतीतही नकार आहे. मोठा मासा नळीत अडकतो, आणि त्याच्या अंगावरचे रोगजंतू सांडपाण्यातून नदी-तलावातल्या माशांपर्यंत पोहोचण्याची शक्यता राहते. तलावात किंवा ओढ्यात सोडणं तर नकोच.

पुरणं मनाला सर्वांत समाधान देतं, मुलं असतील तर विशेष. स्वतःची जागा हवी, खड्डा फूटभर तरी खोल हवा, नाहीतर मांजर किंवा कुत्रा उकरून काढतो. कुंडीत पुरायचं तर मासा लहान आणि कुंडी मोठी, खोल हवी. औषध दिलेला मासा खाण्याच्या भाजीच्या कुंडीत पुरू नका.

कचऱ्यात देणं अनेकांना निष्ठुर वाटतं. पण मासा संसर्गाने गेला असेल तर दुहेरी पिशवीत घट्ट बांधून देणं हाच जबाबदार पर्याय आहे. कागदात नीट गुंडाळा, मनात येईल ते बोला, मग द्या. त्याने निरोपाचं मोल कमी होत नाही.

हाताला जखम असेल तर हातमोजे हवेतच. माशांचा क्षयरोग ज्या मायकोबॅक्टेरियम मरिनमने होतो, तो जिवाणू कापलेल्या त्वचेतून माणसाच्या हातात शिरून महिनोन्‌महिने बऱ्या न होणाऱ्या गाठी करतो. याच कारणासाठी सायफन (टाकीतलं पाणी उपसायची नळी) तोंडाने ओढू नका.

मुलांना: खरं सांगायचं की गुपचूप दुसरा मासा आणायचा?

तसाच दिसणारा मासा रातोरात टाकीत सोडायचा मोह प्रेमापोटीच होतो. पण लहान मुलं माशाकडे आपल्यापेक्षा जास्त बारकाईने बघतात. शेपटीवरचा डाग कुठे होता हे त्यांना माहीत असतं. फसवणूक कळली तर मासा तर गेलाच, वर आपल्या शब्दावरचा विश्वासही गेला. शिवाय कारण न शोधता आणलेला मासा त्याच पाण्यात जातो.

‘झोपला’ किंवा ‘गावाला गेला’ हेही टाळा. चार-पाच वर्षांचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं आणि रात्री झोपायलाच घाबरू शकतं. ‘तो मेला, त्याचं शरीर आता काम करत नाही, तो परत येणार नाही’ एवढं पुरे. पुढचे प्रश्न मूल विचारेल, कधी लगेच, कधी जेवताना मधेच. त्याला मासा बघायचा असेल तर बघू द्या, नको असेल तर आग्रह नको. ‘माझ्यामुळे मेला का?’ हा प्रश्न मुलाने विचारला नाही तरी आपणच त्याचं उत्तर द्या.

मोठ्यांनाही दुःख होतं आणि ‘मासाच तर होता’ ऐकून ते गिळावं लागतं. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही त्याविषयी केनेथ डोका या अभ्यासकाने १९८० च्या दशकात मांडणी केली, आणि पाळीव प्राण्याचं जाणं त्यात चपखल बसतं. रोज सकाळी काचेजवळ येणारा जीव गेला तर वाईट वाटणारच. कुणाची परवानगी लागत नाही.

नवा मासा: लगेच की थांबून?

पाण्यात दोष होता तर अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर सलग शून्य येईपर्यंत थांबा. आजार होता तर शेवटचा मृत्यू किंवा शेवटचं लक्षण यानंतर किमान चार आठवडे. वय झालं होतं आणि उरलेले ठणठणीत आहेत, तर थांबायचं की नाही हे फक्त मनावर. एक अपवाद: निऑन टेट्रासारख्या कळपाने राहणाऱ्या माशांत एक-दोनच उरले असतील तर ते भेदरून राहतात, त्यांना फार काळ एकटं ठेवू नका. नवा मासा कितीही निरोगी दिसला तरी दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच मिसळा.

टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर आणखी एक निवड असते. काही आठवड्यांत पुन्हा मासे आणायचे असतील आणि रोग नव्हता, तर फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजून सुटणाऱ्या अमोनियावर जिवाणू तग धरतात. क्षयरोगाचा संशय असेल तर खडी, स्पंज, वनस्पती टाकून द्या आणि काच, जाळी, हीटर धुऊन, वीज बंद असताना ७० टक्के अल्कोहोलने पुसून कडकडीत वाळवा. आणि आता मासे पाळायचेच नाहीत असं ठरलं, तर उरलेला एखादा मासा अनुभवी पाळणाऱ्याला द्या. देताना टाकीत काय झालं होतं ते त्याला सविस्तर सांगा, म्हणजे तो त्या माशाला आधी वेगळा ठेवेल.