अंकीवर इंग्रजी शब्द: वर्ष होत आल्यावर

इंग्रजी पेपर वाचता येतो, मीटिंगही निभावते, पण मेल लिहायला बसलं की तेच ‘इम्पॉर्टंट’ आणि तेच ‘व्हेरी गुड’. तुमचं असं होत असेल तर अंकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप जरूर घ्या. नवशिक्यांनी मात्र सध्या या वाटेला जाऊ नये.

डेमियन एल्म्स यांचं हे ॲप २००६ पासून आहे. दिसायला अगदीच रुक्ष. कार्ड समोर येतं, उत्तर मनात म्हणायचं, कार्ड उलटायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं. आठवलं तर ते कार्ड लांबच्या तारखेला जातं, नाही आठवलं तर थोड्या वेळात पुन्हा हजर. २०२३ मध्ये आलेलं एफएसआरएस हे उजळणीचं गणित सेटिंगमधून चालू करून घ्या. तुम्ही किती पटकन विसरता ते बघून ते तारखा ठरवतं.

जीआरई या प्रवेशपरीक्षेचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, फुकट मिळतात. माझ्या मते ते घेऊच नयेत. पुढे शब्द, मागे अर्थ. अर्थ पाठ होतो, वाक्य काही जमत नाही. ‘मिटिगेट’चा अर्थ (तीव्रता कमी करणं) घडाघडा सांगणारा माणूसही ‘मिटिगेट अगेन्स्ट’ लिहून मोकळा होतो, जिथे खरं तर ‘मिलिटेट’ (विरोधात जाणं) हवं असतं. म्हणून मी अग्रलेखातलं आख्खं वाक्य घेते, शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवते (अंकीत याला ‘क्लोझ’ म्हणतात) आणि मागे त्याच्यासोबत येणारे शब्द लिहिते: रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज. एका कार्डाला दोन मिनिटं जातात, पण तो शब्द मेलमध्ये आपसूक उतरतो.

शब्द कुठले घ्यायचे? एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट बघा. त्यात ५७० शब्दकुळं आहेत, म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ. ‘इनहेरंट’, ‘ऑल्बीइट’ असे, वाचताना कळणारे पण लिहिताना न सुचणारे शब्द तिथे भरपूर. दुर्मीळ शब्दांची हौस नंतर भागवा.

रोज वीस नवी कार्डं ही मूळ सेटिंग पाचवर आणा. नाहीतर गणपतीला गावी जाऊन आलात की उजळणीची थकबाकी बघूनच ॲप बंद कराल. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अंकी त्याला ‘लीच’चा, म्हणजे वेळ शोषणाऱ्या जळूचा, शिक्का मारतं. त्याच्याशी झगडू नका, त्या शब्दासाठी दुसरं वाक्य शोधा.

संगणक आणि अँड्रॉइडवर सगळं फुकट, आयफोनचं ॲप विकत. आयफोनवाल्यांनी आधी ब्राउझरमध्ये अंकीवेबवर महिनाभर चालवून बघावं, मग पैसे घालावेत.