सोलापूरहून आग्रा-भरतपूर-रणथंबोर : कौटुंबिक सहलीचं पॅकेज कसं आहे?

मार्गाची आखणी चांगली आहे. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहून थेट आग्रा कँटला नेते, त्यामुळे लेकराबाळांसह गाडी बदलायची दगदग वाचते. मात्र आग्र्याचा दिवस शुक्रवारी येत नाही ना, हे पैसे भरण्याआधी बघा. त्या दिवशी ताजमहाल बंद असतो. मुख्य कबरीचं २०० रुपयांचं जादा तिकीटही दरात धरलेलं नाही.

खरी मेख सफारीत आहे. सहलीच्या पत्रकात नुसतं ‘रणथंबोर सफारी’ एवढंच. जिप्सी या छोट्या उघड्या जीपमध्ये ६ पर्यटक बसतात, कँटर या मोठ्या उघड्या गाडीत २०. कँटरच्या मधल्या सीटवरच्या पोराला पुढच्यांची डोकीच दिसतात. म्हणून जिप्सी लेखी मागा, झोन, म्हणजे जंगलाचा कुठला भाग, तोही लिहून घ्या. बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच गेटवर मूळ स्वरूपात लागतं, झेरॉक्स चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या उघड्या गाडीत हाडं गोठतात. कानटोपी, हातमोजे आणि पायांवर टाकायला आपली सोलापुरी चादर हवीच.

भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानाला जेमतेम दोन तास दिलेत, हे फार चुकीचं आहे. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या माळावर पक्षी बघत दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांना तर ते जिव्हारी लागेल. बाभळींवर चित्रबलाक करकोच्यांची घरटी, खाली पाण्याकाठी पंख वाळवणारे पाणकावळे. सायकलरिक्षानं हे निवांत बघायला निदान अर्धा दिवस हवा. त्यासाठी पॅकेजमधली जयपूरची खरेदी खुशाल कापायला सांगा.

हिवाळी धुक्यानं उत्तरेत गाड्या तासन्‌तास रखडतात. परतीनंतर एक दिवस रजा शिल्लक ठेवा.