टॅबलेटला नेट कुठून द्यावे: फोनचा हॉटस्पॉट की स्वतःचे सिम?

टॅबलेट घ्यायचे ठरले, पडद्याचा आकार आणि मेमरीही ठरली, की एक प्रश्न हमखास उरतो. सिमकार्ड बसणारा टॅबलेट घ्यावा, की नुसता वायफायवाला घेऊन बाहेर असताना फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागवावे? हॉटस्पॉटच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा पैशांचा आहे. २०२५ साली भारतात आलेल्या साध्या आयपॅडची किंमत वायफायवाल्यासाठी ३४,९०० रुपये आणि सिमवाल्यासाठी ४९,९०० रुपये होती. म्हणजे एवढ्या एका सोयीपायी १५,००० रुपये जास्त, शिवाय रिचार्ज वेगळा. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये ही तफावत सहसा कमी असते.

माझा आधीचा टॅबलेट वायफायवाला होता, आताचा सिमवाला आहे. वेगाच्या दृष्टीने मला दोहोंत सांगण्यासारखा फरक जाणवला नाही. जाणवली ती हॉटस्पॉटची झोपण्याची सवय.

कोणतेही उपकरण जोडलेले नसेल तर बॅटरी वाचवण्यासाठी बरेच अँड्रॉइड फोन काही मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद करतात आणि पडदा बंद झालेला टॅबलेटही काही वेळाने वायफाय सोडून देतो. दोन्ही सोयी आपापल्या जागी शहाणपणाच्या आहेत, पण एकत्र आल्या की वाचता वाचता चहासाठी टॅबलेट बाजूला ठेवावा आणि पुन्हा उघडावा, तर नेट गेलेले असते. मग खिशातून फोन काढा, लॉक उघडा, हॉटस्पॉट सुरू करा आणि टॅबलेटला तो सापडेपर्यंत थांबा. मुंबई-नाशिक रेल्वे प्रवासात कसारा घाटातील बोगद्यांमुळे यात भर पडे: बोगद्यात फोनची रेंज जाई, टॅबलेट मात्र ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असे सांगत फोनला धरून बसे, आणि फोनची रेंज परतल्यावरही वायफाय बंद-चालू केल्याखेरीज त्याची समजूत पटत नसे.

आपोआप बंद होण्याची ही सेटिंग बहुतेक फोनमध्ये काढून टाकता येते. मीही काढली होती. तेव्हा फोन खिशात चांगलाच तापू लागला आणि घरी परतेपर्यंत बॅटरी तळाला जाऊ लागली. टॅबलेटची बॅटरी संपली तर वाचन थांबते, पण फोनची संपली तर यूपीआय, ओटीपी, तिकीट आणि घरच्यांचे फोन असे सगळेच अडते. माझ्यापुरता निर्णय येथेच झाला.

तरी हॉटस्पॉटवर अन्याय नको. आयफोन आणि आयपॅड एकाच ॲपल खात्यावर असतील, किंवा सॅमसंगचा फोन व टॅबलेट एकाच सॅमसंग खात्यावर असतील, तर फोनला हात न लावता टॅबलेटवरूनच हॉटस्पॉट जागा करता येतो. अशा जोडीत माझी तक्रार निम्मी तरी विरते. माझी दोन उपकरणे दोन वेगळ्या कंपन्यांची होती. ब्लूटूथवरून नेट देणे हाही एक विसरला गेलेला मार्ग आहे: बॅटरी कमी लागते आणि मेल किंवा मजकूर वाचायला तो पुरतो, पण व्हिडिओची अपेक्षा ठेवू नये.

डेटाचे गणित मात्र दोन्हीकडे पाहावे लागते. टॅबलेट अनेकदा हॉटस्पॉटलाही घरच्या वायफायसारखे फुकटचे समजून ॲपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप सुरू करतो. त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ (म्हणजे डेटा मोजका आहे) अशी खूण, किंवा आयपॅडवर ‘लो डेटा मोड’, न दिल्यास रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा दुपारीच उडतो. उलट सिमवाल्यात, टॅबलेट आठवडाभर कपाटात पडला तरी २८ दिवसांची मुदत संपतच राहते, हे मला अजूनही सलते. आयपॅड घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: त्याच्या वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसते, सिमवाल्यात असते.

टॅबलेट बहुतांशी घरी आणि कार्यालयातच वापरणाऱ्याने जास्तीचे पैसे घालावेत असे मी म्हणणार नाही. ज्याला आठवड्यातून एकदा तरी लांबचा प्रवास आहे आणि त्या वेळेत वाचायचे किंवा लिहायचे आहे, त्याने बजेट थोडे ताणून सिमवालाच पाहावा, असे मला वाटते. सिम मात्र फोनमध्ये आहे त्याहून वेगळ्या कंपनीचे घ्यावे. एकाची रेंज गेलेल्या ठिकाणी दुसऱ्याची बहुधा मिळते, आणि तेव्हा टॅबलेटचा हॉटस्पॉट फोनला देता येतो.