न विचारलेला प्रश्न: वकिलीत अकरा महिने विपश्यना

मी सतरा वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करते. दिवाणी दावे, धनादेश न वटल्याच्या कलम १३८ खालील तक्रारी, जामीन अर्ज आणि अधूनमधून कौटुंबिक वाद, असे माझे काम संमिश्र आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत मी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आणि तेव्हापासून, मध्ये पडलेले खंड धरून, अकरा महिने साधना चालू आहे. शिबिराहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलेले अनुभव मी पुष्कळ वाचले होते आणि ते बहुतेक भारावलेले होते. म्हणून न्यायालयाचे जवळजवळ एक पूर्ण वर्ष पाहून झाल्यावरच लिहायचे, असे ठरवले होते.

जाण्याचे कारण झोप हे होते. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची आणि कोणत्या तरी प्रकरणात अपिलाची मुदत संपली आहे अशी खात्रीच वाटायची. उठून डायरी पाहिल्याशिवाय चैन पडत नसे आणि पाहिल्यावर झोप येत नसे. त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ज्या कलम ४८२ चा अर्थ वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार असा होता, ते कलम नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकपूर्व जामिनाचे झाले आणि जुने ४८२ आता ५२८ वर जाऊन बसले. जुने कलम लिहायचे की नवे हे प्रत्येक वेळी ठरवावे लागत असल्याने अर्जातला प्रत्येक आकडा दोनदा तपासण्याची सवय लागली आणि तीच सवय अंथरुणातही पाठलाग करू लागली.

त्याआधी मी मोबाइलवरचे एक ध्यानाचे अॅप तीन आठवडे वापरले होते. त्यातला मधुर आवाज समुद्रकिनाऱ्याची कल्पना करायला सांगत असे आणि मला किनारा म्हटला की सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामबंदीच्या नियमांचे, एक रखडलेले प्रकरण आठवत असे. ते काढून टाकले.

शिबिराची दिनचर्या अनेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगते. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि हलका अल्पोपाहार, सातनंतर या पद्धतीचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांचे ध्वनिमुद्रित प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. मोबाइल, पुस्तक, वही, पेन यांपैकी काहीही जवळ नसते आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणे आणि खाणाखुणाही बंद, असते. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्या आणि वरच्या ओठामधल्या जागेवर श्वासाचे निरीक्षण. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहायच्या आणि त्यांवर प्रतिक्रिया द्यायची नाही. शुल्क घेतले जात नाही; दान द्यायचे असेल तर तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारले जाते. आरंभी पंचशील, म्हणजे आचरणाचे पाच नियम, घ्यावे लागतात आणि त्यात खोटे न बोलणे हेही येते. मौन असल्यामुळे वकिलालाही ते दहा दिवस बिनधोक पाळता येते.

मौनात मन शांत होईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिले तीन दिवस माझ्या डोक्यात न्यायालय भरले होते. एका वाटणीच्या दाव्यातला लेखी युक्तिवाद मी मनातल्या मनात पहिल्या परिच्छेदापासून न्यायालयाला करायच्या शेवटच्या विनंतीपर्यंत रचला आणि कागद नसल्यामुळे विसरू नये म्हणून पुन्हा रचला. चौथ्या दिवशी अधिष्ठानाची बैठक सुरू झाली, म्हणजे एक तास हात, पाय आणि डोळे न हलवता बसायचे. गुडघा असा पेटला की युक्तिवाद आपोआप तहकूब झाला. पुढे सहाव्या-सातव्या दिवशी लक्षात आले की वेदनेपेक्षा ‘आता हलायलाच हवे’ ही घाई जास्त छळते आहे, आणि ती घाई थोडा वेळ नुसती पाहिली तर ओसरते.

नेमका हाच धडा न्यायालयात उपयोगी पडला. उलटतपासणीत एक प्रश्न जास्त विचारू नये, हे प्रत्येक ज्येष्ठ वकील ज्युनियरला सांगतो आणि स्वतः कधी ना कधी विसरतो. साक्षीदाराने हवी ती कबुली दिलेली असते, पण त्याच्या उद्धट स्वरामुळे किंवा विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या हसण्यामुळे आपण चिडतो, आणखी एक प्रश्न टाकतो आणि साक्षीदाराला खुलासा करण्याची संधी स्वतःच्या हाताने देतो. माझ्याकडून हे वर्षातून तीन-चार वेळा होत असे. शिबिरानंतर साधारण दोन महिन्यांनी एका साक्षीच्या वेळी माझे कान तापल्याचे मला स्पष्ट जाणवले. ते जाणवण्यात जो अर्धा क्षण गेला, तेवढ्यात मी ‘आणखी प्रश्न नाहीत’ म्हणून खाली बसले. अकरा महिन्यांचा सर्वांत ठोस लाभ विचाराल तर तो हा न विचारलेला प्रश्न आहे. राग येणे थांबलेले नाही, फक्त तो आधी कानात येतो आणि तोंडापर्यंत पोहोचायला थोडा उशीर करतो.

झोप सुधारली, पण त्याचे सगळे श्रेय मी साधनेला देणार नाही. मुदतीच्या तारखांसाठी वेगळी वही केली, ती रोज संध्याकाळी ज्युनियरकडून तपासून घेऊ लागले आणि रात्री साडेनऊनंतर पक्षकारांचे फोन घेणे बंद केले. आपल्या व्यवसायातला निम्मा ताण हा अव्यवस्थेचा असतो, असे माझे मत झाले आहे, आणि जी गोष्ट वहीने सुटते ती डोळे मिटून सोसत बसण्यात अर्थ नाही.

एक तोटाही नोंदवायला हवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला समतेची, म्हणजे कशानेही विचलित न होण्याची, जरा जास्तच गोडी लागली होती. तातडीच्या मनाई हुकुमाच्या अर्जावर मी इतक्या शांतपणे बोलले की बाहेर आल्यावर पक्षकाराने, ‘मॅडम, आपली बाजू आपल्यालाच पटलेली नाही का?’ असे विचारले. त्याचे म्हणणे रास्त होते. आवाज चढवणे आणि चिडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुन्हा शिकायला काही आठवडे लागले.

सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, अशी शिबिरात शिफारस असते. मला ते एक आठवडाही जमले नाही. सकाळी चाळीस मिनिटे, आणि संध्याकाळी घरी पोहोचल्यावर गाडीतून उतरण्याआधी पाच-सात मिनिटे आनापान, एवढेच टिकले. खरा उपयोग मात्र न्यायालयातल्या वाट पाहण्याच्या वेळेचा झाला. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आपले प्रकरण चाळिसावे असते, उठून जाता येत नाही आणि मोबाइल पाहणे शोभत नाही. त्या वेळात डोळे उघडे ठेवून श्वास पाहता येतो आणि शेजारच्यालाही कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळे मोडले आणि पुन्हा बसायला तीन आठवडे लागले. तेव्हा एक दिवसाचे शिबिर उपयोगी पडले; ते आधी दहा दिवसांचे केलेल्यांसाठीच असते.

जामिनाची कामे करणाऱ्यांना एक माहिती कदाचित रोचक वाटेल. किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, एप्रिल १९९४ मध्ये, दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांचे असेच शिबिर झाले होते. माझ्या एका अशिलाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने आधी जामिनाचे काय ते सांगा, असे उत्तर दिले.

ज्यांना नैराश्याचा किंवा तीव्र चिंतेचा त्रास आहे आणि औषधे चालू आहेत, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि नोंदणी अर्जात ते लपवू नये. दहा दिवसांचे मौन हा उपचार नव्हे. तसेच दहा दिवसांचे शिबिर म्हणजे प्रत्यक्षात बारा तारखा मोडतात, कारण आदल्या दिवशी पोहोचावे लागते आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी होते. उन्हाळी सुट्टीतल्या जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी आधीच करावी, आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातले शिबिर घेऊ नये. मी तसे घेतले आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या बोर्डावर चौदा प्रकरणे होती.