कंपायलर: यादृच्छिक चाचणी की गणिती सिद्धता?

कंपायलर म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे संगणकाला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर. त्याच्या विश्वासार्हतेवर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली यादृच्छिक चाचणीची. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात तयार झालेले ‘सीस्मिथ’ हे साधन सी भाषेतील प्रोग्रॅम आपोआप रचते. तोच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपायलरांकडे देऊन उत्तरे ताडून पाहायची, आणि ती जुळली नाहीत तर कुठेतरी चूक आहे असे समजायचे. कल्पना साधी आहे. खरी मेहनत आहे ती रचलेल्या प्रोग्रॅमचा अर्थ सी भाषेच्या मानकानुसार एकच निघेल याची खात्री करण्यात, कारण तसे नसेल तर उत्तरांतील फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. २०११ च्या शोधनिबंधात या साधनाने जीसीसी, एलएलव्हीएम आणि इतर कंपायलरांतील ३२५ हून अधिक अज्ञात चुका नोंदवल्या.

दुसरी वाट सिद्धतेची. फ्रान्समधील इन्रिया संस्थेत झाव्हिए लरॉय यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ‘कॉम्पसर्ट’ या सी कंपायलरच्या बहुतेक टप्प्यांची अचूकता गणिती सिद्धता तपासणाऱ्या ‘कॉक’ या साधनाने तपासलेली आहे. सीस्मिथलाही त्यात चुका सापडल्या, पण त्या सिद्ध न केलेल्या भागात. सिद्ध केलेला मधला भाग मात्र निर्दोष ठरला. अर्थात प्रोग्रॅम अधिक वेगवान करणाऱ्या प्रत्येक नव्या सुधारणेसोबत नवी सिद्धता लिहावी लागते, त्यामुळे कॉम्पसर्टमधील अशा सुधारणा जीसीसीपेक्षा मोजक्याच आहेत.

माझ्या मते, मर्यादित वर्षांत ठोस निष्कर्ष हवे असतील तर चाचणीची वाट अधिक व्यवहार्य आहे. विमान नियंत्रणासारख्या क्षेत्रांसाठी मात्र तेवढ्यावर भागत नाही.