वाचनालयातलं नगरपालिकेचं काउंटर : पोळा ते होळी, माझा अनुभव

पोळ्याच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नगरपालिकेने सेवा काउंटर टाकलं. आता होळी आली. म्हणजे सहा-सात महिने मी ते वापरतोय, घरपट्टी, पाणीपट्टी, नातवाचा जन्मदाखला, गटारीची तक्रार सगळं तिथूनच करून झालं म्हणून लिहायला बसलो. (वाचनालयाचा बावीस वर्षांचा मेंबर आहे मी, त्यामुळे माझं थोडं झुकतं माप धरूनच वाचा.)

आधी चांगलं सांगतो. नगरपालिकेत वसुलीची खिडकी जिन्याखाली, वर पत्रा, आणि मार्च म्हटलं की आमच्या खान्देशातलं ऊन काय असतं ते जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. थकलं तर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते म्हणून सगळे शेवटच्या आठवड्यात तिथेच. यंदा मी वाचनालयात गेलो, टोकन घेतलं, पंख्याखाली बसून पेपर वाचला, नंबर आला, क्यूआरवर पैसे मारले, पावती खिशात. बारा मिनिटं! आणि जागा बाजाराला लागून असल्यामुळे खेड्यावरून आलेली बाई भाजीची पिशवी घेऊनच आत येते. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात 2002 पासून वाचनालय आणि मोठ्यांचे क्लास एका छताखाली आणून 'आयडिया स्टोअर' काढलेत, तेही लोक खरेदीला येतात तिथेच, असं मागे वाचलं होतं. आमच्याकडे कोणी एवढा विचार करून केलं असेल असं वाटत नाही, हॉल रिकामा दिसला असेल, पण जमलं खरं.

नातवाच्या दाखल्याचा किस्सा सांगतो. जन्माची नोंद 21 दिवसांत फुकट होते ते माहीत होतं, हॉस्पिटलने नोंद पाठवलीही होती, मला फक्त दाखला काढायचा होता. आमचे ग्रंथपाल, सगळे नाना म्हणतात त्यांना, कागद हातात घेतला आणि चष्मा वर करून म्हणाले, भाऊ, सूनबाईच्या नावात आधारला डबल ई आहे आणि इथे एकच आय पडलाय, आत्ताच दुरुस्त करा नाहीतर पोरगं शाळेत जाईपर्यंत फिराल. तीस वर्षं पुस्तकांची नावं रजिस्टरला चढवलेला माणूस, त्याच्या नजरेतून आय सुटतो का! आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या पोरांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच दाखला धरतात, त्यामुळे नाना बोलले ते काही उगाच नाही. बाहेरच्या सेवा केंद्रवाल्याने दीडशे घेऊन जसं होतं तसं छापून दिलं असतं.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीला तर जत्राच होती. खरं तर ते नगरपालिकेचं कामच नाही, पण कॉम्प्युटर दिसला की लोक येणारच. त्यात नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार लागायचं, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, आणि आमच्याकडचे निम्मे नवरे सुरतला कामाला. एक बाई फोन कानाला लावून ओरडतेय, "ओटीपी उना का? बेगीन सांग!" (आला का, लवकर सांग) तिकडून "उना नही" आणि मशिनचा खडखडाट. पाचव्या वेळेला आला तेव्हा अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्याच पोरांचं ऐका आता. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत बसणारी पोरं, मध्ये फक्त काचेचं पार्टिशन, तेही वरून उघडं, कसा अभ्यास होणार? दोघं-तिघं तर सोडून गेली. बालविभागाचं कपाट जिन्याखाली सरकवलं कारण प्रिंटर तिथे ठेवायचा होता, आता लहान पोरं वाकून पुस्तकं काढतात. आणि दिवाळी अंकाचा रॅक, जो पूर्वी दारातच असायचा, त्यावर फॉर्मचे गठ्ठे. 1952 नंतर थेट 2024 ला साहित्य संमेलन आलं अमळनेरला, त्याचं किती कौतुक केलं आपण, आमच्या वाचनालयाने तिथून दोन खोके पुस्तकं आणली, त्यातलं एक खोकं काउंटरच्या टेबलाखाली पाय ठेवायला वापरतायत. स्वतःच्या डोळ्याने पाहिलं.

माझा खरा राग नानांवरून आहे. पहिला महिना नगरपालिकेची मुलगी रोज यायची, मग आठवड्यातून तीन दिवस, आता कधी येते ते तिलाच माहीत. बाकी दिवस पासवर्ड नानांकडे. म्हणजे पुस्तक देव-घेवही तेच, सर्व्हर बंद पडला की शिव्याही त्यांनाच. नगरपालिका हॉलचं भाडं देते, लाईट बिल अर्धं देते, नानांना शून्य. आणि ग्रंथालयाचा पगार म्हणजे काय, सरकारी अनुदानातून निघतो, तेही वर्षातून दोन हप्त्यांत. 2022 ला अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं तेव्हा पेढे वाटले, पण ड, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाला 30 हजारांचे 48 हजार झाले ते अख्ख्या वर्षाचे! महिन्याला चार हजार, त्यातच पुस्तकं, पेपर, माणूस. आमचं ब वर्गाचं आहे म्हणून जरा बरं, इतकंच. नगरपालिकेने एका क्लार्कचा पगार वाचवला तो नानांच्या पाठीवर, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या महिन्यात एक कादंबरी बदलायला मी चाळीस मिनिटं उभा होतो, पुढे पाणीपट्टीची लाईन.

जाणाऱ्यांसाठी : बाजाराचा दिवस टाळा, आधारची झेरॉक्स घरूनच न्या (तिथला झेरॉक्स दिवाळीपासून बंद आहे), आणि दुपारी लाईट गेली की कॉम्प्युटरही गेला, त्यामुळे अकराच्या आत पोचा.

शेवटी मी लेखी तक्रार द्यायचं ठरवलं, काउंटरला कायमचा माणूस द्या, ग्रंथपालावर बोजा टाकू नका. अर्ज द्यायला त्याच काउंटरवर गेलो. ती मुलगी नव्हती. नानांनीच पूर्ण वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, शिक्का मारला आणि पोच दिली. सतरा दिवस झाले, अजून उत्तर नाही.